चार सेकंदांचा उजेड

"हिरो चिकटवल्यासारखा वाटतोय."

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी शरच्चंद्र आठल्ये यांनी हे वाक्य वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि परत वाचलं. वाक्य बदललं नव्हतं. शुक्रवारी चौथ्या व्हर्जनवर मुंबईच्या क्लाएंटने हेच लिहिलं होतं आणि आज पाचव्यावरही हेच. मधे शनिवार-रविवार गेले, अर्धं ऑफिस खडकवासल्याला जाऊन कणसं खाऊन आलं, पण हिरो होता तिथेच होता. चिकटलेला.

"अहो, चिकटवलेलाच आहे तो!" शरदराव स्क्रीनला म्हणाले. "चिकटवायचाच पगार घेतो ना मी!"

आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी कानावरचे हेडफोन जरा घट्ट बसवले. काकांचं सुरू झालं की तिथे हीच पद्धत होती.

शरदरावांचं वय बावन्न. ऑफिसातल्या बाकीच्यांचं वय सव्वीसच्या आसपास, म्हणजे ते एकटेच दोघांच्या तोलाचे. कर्वे रस्त्यावर साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. वेब सिरीजच्या दृश्यांमध्ये जे मुळात नव्हतं ते घालायचं आणि जे नको होतं ते काढायचं, असा तिथला धंदा. शरदराव तिथे कॉम्पोझिटर आहेत. म्हणजे निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या गावांत घेतलेली चित्रं एकावर एक ठेवायची आणि ती एकाच वेळची, एकाच जागेची आहेत असं बघणाऱ्याला पटवायचं.

हे पटवण्याचं काम त्यांना नवं नव्हतं. ऐन तारुण्यातली बावीस वर्षं त्यांनी कुमठेकर रस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओत काढली. आधी डार्करूममध्ये, मग कॉम्प्युटर आल्यावर कॉम्प्युटरवर. लग्नाच्या ग्रुप फोटोत, लग्नाला न आलेल्या माणसाला आणून उभं करणं ही त्यांची खासियत. मानपानावरून रुसून बसलेले मामा, रजा न मिळालेला अमेरिकेतला भाऊ, ऐन वेळी ताप आलेली मोठी जाऊ, सगळ्यांना शरदरावांनी मांडवात आणलं. सदाशिव आणि नारायण पेठेत मिळून निदान तीसएक दिवाणखाने असे असतील, की जिथे वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं शरदरावांच्या कृपेने एका चौकटीत खांद्याला खांदा लावून हसताहेत.

त्यातली मेख एकच, असं ते सांगत. माणूस कापता कुणालाही येतो. त्याच्यावरचा उजेड शेजाऱ्यांच्या उजेडाशी जुळला, तरच तो त्या घरातला वाटतो. एकदा एका बापटांच्या फोटोत आत्याबाईंवर उजवीकडून उजेड आणि बाकीच्या सगळ्यांवर डावीकडून, असा घोळ झाला. शरदराव स्वतः फोटो परत आणायला गेले. बापट म्हणाले, "असू द्या हो, आमच्या आत्याचं तसंही सगळ्यांच्या उलटच असतं." पण शरदरावांनी फोटो भिंतीवरून उतरवून नेला आणि आत्याबाईंना मार्गाला लावून चौथ्या दिवशी परत आणून दिला.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळू लागली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी शरदराव पोराटोरांच्या क्लासात जाऊन बसले. "मुलगा बारावीत आणि बाप क्लासात. दोघांचा डबा एकदमच भरते," एवढंच वासंतीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. क्लासातले सर शरदरावांपेक्षा सोळा वर्षांनी लहान. सॉफ्टवेअरमधली बटणं शिकायला सहा महिने लागले. उजेड कुणी शिकवावा लागला नाही. त्या जोरावर आठ वर्षं निभावली होती. बटणांत पोरं पुढे, नजरेत काका पुढे, असा ऑफिसात एक अलिखित करारच होता.

आणि आता ही नजरच चार सेकंदांच्या एका शॉटने पणाला लावली होती.

शॉट दिसायला साधा. घाटाखालच्या एका गावातलं धान्याचं गोदाम. आत पोत्यांची थप्पी, मागे चुन्याची भिंत आणि डावीकडे वायरीला लटकलेला एक पिवळा बल्ब. गावात विजेचा दाब असा काही वरखाली व्हायचा, की बल्ब घटकेत उजळायचा, घटकेत मलूल व्हायचा, मधेच दोनदा फडफडायचा. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं, की त्याने गोदामाचं शूटिंग तसंच्या तसं करून घेतलं. हिरोला मात्र त्या तारखांना वेळ नव्हता. तो महिन्याभराने मुंबईत हिरव्या पडद्यासमोर उभा राहिला आणि भावाशी खोटं बोलण्याचा अभिनय करून गेला. मुंबईत वीज चोख, दिवे चोख. हिरोच्या चेहऱ्यावर चारही सेकंद एकसारखा, सरकारी कचेरीसारखा उजेड.

तेव्हा मागच्या भिंतीवरचा उजेड जसा जसा वरखाली होतो, तसा तसा तो हिरोवरही व्हायला हवा. नाहीतर भिंत थरथरतेय आणि हिरो मख्ख उभा आहे, असं दिसतं.

त्याची रीत अशी. चार सेकंद म्हणजे शहाण्णव चित्रं. भिंतीवर एका जागी छोटा चौकोन ठेवायचा आणि त्या चौकोनात दर चित्रात उजेड किती भरतो, ते यंत्राकडून मोजून घ्यायचं. शहाण्णव आकड्यांची एक वाकडीतिकडी रेघ निघते, हृदयविकाराच्या डॉक्टरांकडच्या कागदासारखी. ती रेघ हिरोवर चढवायची. ऐकायला दहा मिनिटांचं काम. प्रत्यक्षात शरदरावांच्या पहिल्या व्हर्जनमध्ये उजेड वाढला की हिरोचे काळेभोर केसही उजळायला लागले. क्लाएंटची नोट आली, "हिरो म्हातारा वाटतोय." ही नोट शरदरावांना उगीचच लागली. उजळेल ते उजळावं, काळं ते काळंच राहावं, असा बंदोबस्त त्यांनी केला. दुसऱ्यात दोन्ही गालांवर सारखाच उजेड पडला. बल्ब डावीकडे आहे, तर उजवा गाल कशाने उजळेल? हे क्लाएंटला कळायच्या आत शरदरावांनाच कळलं आणि त्यांनी आपणहून ते सुधारलं. तिसऱ्यावर नोट आली, "हिरो आणि मागचा उजेड अजून जुळत नाही. जुळवा." मग गुरुवारी त्यांनी चौथं व्हर्जन केलं. त्यात भिंत उजळली की हिरोचा डावा गाल उजळत होता, भिंत फडफडली की तो फडफडत होता. ते स्वतः तीनदा बघून "वा!" म्हणाले होते. आठ वर्षांत स्वतःच्या कामाला ते फारतर पाचदा "वा" म्हणाले असतील.

आणि त्याच व्हर्जनपासून हिरो चिकटला.

"समर्थ," सोमवारी त्यांनी कोऑर्डिनेटरच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "म्हणजे नक्की काय खुपतंय त्यांना? फोन लावून विचारता येईल?"

समर्थ चोवीस वर्षांचा. क्लाएंटच्या नोटा घेऊन त्या त्या विभागाला पोचवणं हे त्याचं काम आणि त्याच्या स्क्रीनवर एका वेळी दोनशे शॉट लाल-हिरवे होत असायचे. "सर, तसं डायरेक्ट नाही विचारू शकत आपण. प्रोसेस आहे. तुम्ही क्वेरी टाका ना टिकीटमध्ये."

"अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे."

"हो सर, पण रेकॉर्ड राहत नाही ना मग."

गेल्या वर्षी कोण कुणाला काय बोललं यावरून मोठा घोळ झाला होता, तेव्हापासून हा नियम. प्रश्न असेल तर जागेवरून उठायचं नाही, टिकीट टाकायचं, म्हणजे कॉम्प्युटरवर तशी नोंद करायची. ज्याच्यासाठी टिकीट आहे तो ते बघेल, समर्थमार्फत उत्तर येईल. शरदरावांनी टिकीट टाकलं, "चिकटवल्यासारखा म्हणजे कसा?" संध्याकाळी क्लाएंटचं उत्तर आलं, "नॅचरल वाटत नाही."

ज्ञानात ही अशी भर पडल्यावर शरदरावांनी सहाव्या व्हर्जनमध्ये हिरोवरची फडफड जरा वाढवली. म्हटलं, क्लाएंटला कमी दिसत असेल. नोट आली, "आधीपेक्षा जास्त चिकटवल्यासारखा."

मंगळवारी अस्मिताने त्यांना पाहणीच्या खोलीत बोलावलं. अस्मिता त्यांची सुपरवायझर. वय एकतीस, बोलणं मोजकं, आणि काकांविषयी तिला मनापासून आदर होता. त्यामुळे तिला जे बोलायचं होतं ते आणखीच अवघड झालं होतं.

"काका, हे बघा एकदा," म्हणून तिने क्लाएंटला गेलेली फाइल मोठ्या पडद्यावर लावली.

शरदरावांनी बघितलं. हिरो भुतासारखा लुकलुकत होता. वेगळा, एकटा, कुणाशी काही संबंध नसल्यासारखा.

"माझ्या स्क्रीनवर असं नाही दिसत," ते म्हणाले.

"काका, दोन्ही मॉनिटर गेल्या आठवड्यातच तपासलेत."

"मग पुन्हा तपासा."

"तपासले. आज सकाळीच." अस्मिताने फाइल पुन्हा सुरू केली. "तुमच्या जागेवर तुम्हाला हे बरोबर दिसतं?"

"अगदी बरोबर दिसतं."

मग अस्मिता म्हणाली, "शुक्रवारी हा एपिसोड जातोय. त्याच्या पलीकडे मला ओढता येणार नाही. वरून विचारणा झालीय, एका शॉटला इतके दिवस का म्हणून. ते म्हणतात, काकांना डेटाला घ्या. काम हलकं आहे, डोळ्यांना ताण नाही. मी सांगितलंय शुक्रवारपर्यंत थांबा."

डेटा म्हणजे आतली बिनखिडकीची खोली. आलेल्या फाइली उतरवून घ्यायच्या, त्यांना नावं द्यायची, गेलेल्या फाइलींची नोंद ठेवायची. त्या खोलीत चित्रं येतात आणि जातात, पण ती कुणी बघत नाही. 

"आणि काका, रागावू नका," अस्मिता आणखी हळू बोलली, "पण एकदा डोळे दाखवून घ्याल का?"

शरदराव रागावले नाहीत. रागावण्यासाठी माणसाला आतून खात्री लागते. ती त्यांच्याकडे सकाळपर्यंत होती.

मंगळवारी संध्याकाळी घरी दिवाणखान्यातली ट्यूब लावताना ती एकदा फडफडली. "फडफडली ना आता?" त्यांनी वासंतीबाईंना विचारलं.

"फडफडली की."

"किती वेळा?"

"अहो, मी भाजी चिरतेय. मोजायला बसू का?"

"दोनदा की तीनदा?"

वासंतीबाईंनी सुरी खाली ठेवली. "काय झालंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज जरा चढला, मग उतरला. "बावीस अधिक आठ, तीस वर्षं झाली, वासंती. मला दुसरं येतं काय? गणित येत नाही, माणसांशी गोड बोलता येत नाही. एवढं एकच येतं, की कुठला उजेड कुठला नाही ते कळतं. तेच गेलं असेल तर?"

"गेलं असेल तर डॉक्टर सांगतील. तुम्ही आधीच निकाल लावू नका," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि परवा मी ब्लाउजसाठी आणलेलं अस्तर तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. अर्ध्या छटेने गडद आहे म्हणालात. दुकानदाराने खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि मुकाट बदलून दिलं. गेलेल्या डोळ्यांची लक्षणं नाहीत ही."

यावर शरदरावांना बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

बुधवारी सातवं व्हर्जन परत आलं आणि आठवं गेलं. रोज सकाळी फाइल उघडली की यंत्र एक चौकट पुढे करून इंग्रजीत काहीतरी विचारायचं आणि शरदराव न वाचता "नको" दाबायचे. यंत्राला आणि फोनवरून कर्ज देऊ करणाऱ्या मुलींना पहिल्या शब्दाला नको म्हणायचं, हे त्यांचं धोरण. सुखाने चाललेल्या कामात नवीन काही घ्यायचं नाही. संध्याकाळी मात्र ते निमूटपणे सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. 

डॉक्टर सत्तरीचे. त्यांनी अंधार केला, समोरच्या तक्त्यावर बोट ठेवून अक्षरं विचारली. शरदरावांनी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली.

"उत्तम. काही त्रास?"

"तक्ता उजव्या बाजूला फिका आहे."

"काय?"

"उजव्या बाजूची अक्षरं जरा फिकी छापलीत. किंवा तिथे उजेड कमी आहे."

"एकोणीस वर्षं हाच तक्ता आहे," डॉक्टर म्हणाले. "आजवर पेशंटनी स्वतःच्या डोळ्यांची तक्रार केली. तक्त्याची करणारे तुम्ही पहिले."

तरी ते उठले. तक्त्याच्या पेटीमागे वाकून बघितलं, बोटाने टकटक केलं आणि परत येऊन बसले. "उजवी ट्यूब जायला आलीय," ते जरा नाखुशीनेच म्हणाले. मग त्यांनी थेंब घातले, अर्धा तास बसवून ठेवलं, भिंगातून आत बघितलं आणि कागदावर दोन ओळी खरडल्या. "डोळे ठणठणीत आहेत. तुम्ही त्यांना दिवसभर दाखवताय काय, ते मात्र मी तपासत नाही."

थेंबांमुळे सगळीकडे उजेडाची वलयं दिसत होती. स्कूटर तिथेच ठेवून शरदराव चालत घरी निघाले, आणि चालता चालता त्यांचा पारा चढत गेला. डोळे बिघडले असते तर निदान एक उत्तर मिळालं असतं. माणूस चष्मा बदलतो, गप्प बसतो. आता डोळे बरे, मॉनिटर बरे, रेघ बरोबर, गाल बरोबर, आणि तरी हिरो चिकटलेला. म्हणजे सगळे निर्दोष आणि खून मात्र झालेला.

गुरुवारी सकाळी "आठव्यावर तेच" एवढीच नोट होती. क्लाएंटलाही आता लिहायचा कंटाळा आला असावा.

शरदराव उठले आणि टिकीट न टाकता पाहणीच्या खोलीत शिरले. क्लाएंटला गेलेली फाइल मोठ्या पडद्यावर लावली. एकदा बघितली, दोनदा बघितली, दहादा बघितली. हिरो लुकलुकतोय. वाईट दिसतोय. पण का वाईट दिसतोय? मग त्यांनी डार्करूममध्ये करत तसं केलं. तिथे फोटोच्या ज्या भागावर उजेड नको तो भाग हाताने झाकायचा असे. ते पडद्याजवळ गेले, दोन्ही हातांनी हिरोला पुरता झाकून टाकला आणि उरलेली भिंत बघत उभे राहिले.

चार सेकंद गेले. पुन्हा चार.

भिंत हललीच नाही. 

बल्ब उजळत नव्हता, मलूल होत नव्हता, फडफडत तर नव्हताच. सरळसोट, एकसारखा, शहाण्यासारखा जळत होता. घाटाखालच्या त्या गावात विजेचा दाब कसा काय कोण जाणे, पण रातोरात सुधारला होता.

दोन्ही हात पडद्यावर तसेच टेकलेले होते. दारातून कुणीतरी डोकावून, "सॉरी काका," म्हणून परत गेलं.

फाइलीच्या कोपऱ्यात प्रत्येक थर कुणी केला त्याची नावं असतात. हिरोसमोर होतं श. आठल्ये. भिंतीसमोर होतं पृ. चरवड.

पृथ्वीराज चरवड हा धायरीचा. घरची शेती एका बाजूने रस्त्यात आणि दुसऱ्या बाजूने इमारतीत गेलेली. उरलेल्या तुकड्यात आजी अजून मेथी लावते आणि तिच्या जुड्या मार्केट यार्डात पोचवल्यावर पृथ्वीराज ऑफिसला येतो. मागची दृश्यं साफसूफ करणाऱ्या विभागात तो बसायचा, म्हणजे शरदरावांपासून बरोबर सात खुर्च्या पलीकडे. तीन वर्षांत दोघांचं बोलणं पाण्याच्या मशीनपाशी "झालं का भरून?" एवढंच.

"पृथ्वीराज, त्या गोदामाच्या भिंतीचं तू काय केलंस?"

पृथ्वीराजने हेडफोन काढले आणि त्याचा चेहराच पडला. "काका, तुम्हीपण तक्रार घेऊन आलात का? लय डोकं उठलंय राव त्या भिंतीनं. आठवडा झाला. नोट काय, तर हिरो आणि मागचा उजेड जुळत नाही, जुळवा. आता हिरो हाय गप्प उभा, आणि भिंत करतेय थयथयाट. म्हणून मी भिंत गप्प केली. एकेक चित्र घेऊन केली, काका! परत नोट, चिकटवल्यासारखा वाटतोय. म्हटलं, कुठंतरी थरथर राहिली असंल. अजून गप्प केली. काल तर ती भिंत समाधी लागल्यागत झाली. आणि आज परत तीच नोट!"

शरदराव शेजारची रिकामी खुर्ची ओढून सावकाश बसले.

"तुझ्या स्क्रीनवर हिरो कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? निवांत. हे बघा की." पृथ्वीराजने दाखवला. मुंबईहून आला तसा, एकसारख्या उजेडातला हिरो, शांत भिंतीपुढे शांत उभा. चित्र अगदी जुळलेलं. "काय खोड हाय ह्यात, सांगा तुम्ही."

"काही नाही," शरदराव म्हणाले. "काहीच खोड नाही. आता माझ्याकडे चल."

सात खुर्च्या ओलांडून दोघं आले. शरदरावांच्या स्क्रीनवर भिंत फडफडत होती आणि हिरो तिच्या तालावर फडफडत होता. तेही चित्र अगदी जुळलेलं.

पृथ्वीराज बघत राहिला. त्याच्या लक्षात येत गेलं तसतसे त्याचे डोळे मोठे होत गेले. "म्हणजे काका, मी तुमच्या हिरोशी जुळवायला भिंत थांबवली..."

"आणि मी तुझ्या भिंतीशी जुळवायला हिरो हलवला."

"आणि क्लाएंटला जाताना..."

"मशीनने तुझी नवी भिंत घेतली, माझा नवा हिरो घेतला आणि दिला पाठवून."

"रोज!"

"रोज. तू थांबवत गेलास, मी वाढवत गेलो."

"आयला!" पृथ्वीराज म्हणाला आणि मग वडीलधाऱ्या माणसासमोर बोललो म्हणून त्याने जीभ चावली. शरदरावांनी हात हलवला. त्यांच्या मनात याहून बरंच वाईट आलं होतं.

वरात निघाली ती समर्थच्या टेबलापाशी. समर्थने दोन्ही टिकिटं शेजारी शेजारी उघडली. तीच तारीख, तीच वेळ, तीच नोट. एक कॉम्पोझिटिंगला, एक मागच्या दृश्यांच्या विभागाला.

"पण सर, नोटमध्ये लिहिलं नव्हतं ना की कोणी कोणाशी जुळवायचं," समर्थ म्हणाला. "सो मी सेफ साइड दोघांनाही टाकलं."

"सेफ साइड!" शरदराव म्हणाले. "अरे, दोन माणसांना एकाच दारात समोरासमोर उभं करून दोघांना 'तुम्ही आत या' म्हणतोस आणि मग विचारतोस, जुळत का नाही?"

"दोघांनी टिकीट तर क्लोज केलं होतं सर, 'झालं' म्हणून."

"झालंच होतं! दोघांचंही झालंच होतं!"

आवाज ऐकून अस्मिता आली. तिने शांतपणे सगळं ऐकलं, दोन्ही टिकिटं वाचली, समर्थला "आपण नंतर बोलू" असं सांगितलं. त्या "आपण"ने समर्थ अर्धा झाला. मग ती शरदरावांच्या जागेवर येऊन उभी राहिली.

"काका, एक विचारू? पृथ्वीराजची भिंत बदलली की तुमच्या मशीनने सकाळी विचारलं असेल ना, नवीन आलीय, घेऊ का म्हणून?"

शरदरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"विचारलं होतं?"

"विचारत होतं काहीतरी."

"मग?"

"मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी खपवतंय."

पृथ्वीराजने मान वळवून खिडकीबाहेरच्या मेट्रोकडे बघितलं. कारण हसायला जागा तेवढी एकच होती.

उरलेलं काम वीस मिनिटांचं निघालं आणि त्यानेच शरदरावांना सर्वांत जास्त छळलं. पृथ्वीराजने आपली आठवडाभराची शांतता गुंडाळून ठेवली आणि गावाहून आली होती तशी फडफडती भिंत परत लावली. शरदरावांनी पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या व्हर्जनची वाढवलेली फडफड काढून टाकली. उरलं ते चौथंच. गेल्या गुरुवारचं. ज्याला ते "वा" म्हणाले होते तेच, जसंच्या तसं. त्यावर त्यांनी नववा क्रमांक घातला आणि पाठवून दिलं. 

शुक्रवारी साडेअकराला उत्तर आलं. "परफेक्ट! बघा, थोडी मेहनत घेतली की होतं."

शरदरावांनी उत्तर टाइप करायला घेतलं. "मेहनत चौथ्याच वेळी झाली होती, पुढच्या चार वेळा आम्ही ती बिघडवत होतो," इथपर्यंत आले. मग एकेक अक्षर उलट्या क्रमाने खोडत गेले आणि "धन्यवाद" लिहिलं.

दुपारी अस्मिता आली. "काका, डेटाचं रद्द. मी वर कळवलंय. तुम्ही इथेच."

मंगळवारपासून ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य आलं होतं, पण शरदरावांना नेमका त्याच क्षणी राग आला. चार दिवस रखडलेला, हक्काचा राग.

"अस्मिता, एक सांग. मॉनिटर दोनदा तपासलेस. केबल तपासली असशील. टिकीट कुणी तपासलं नाही, फाइल जोडणारं मशीन कुणी तपासलं नाही. मधल्या सगळ्या गोष्टी ओलांडून संशय थेट माझ्या डोळ्यांवर का आला?"

बावन्न हा आकडा दोघांच्याही मधे उभा होता आणि तो मोठ्याने म्हणण्यात अर्थ नव्हता.

"चुकलं, काका," ती म्हणाली. "आधी मशीन तपासायला हवं होतं."

"हवं होतं," शरदराव म्हणाले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांना पुढचंही बोलावं लागलं. "आणि मी ती चौकट वाचायला हवी होती. ते आहेच. पण डोळे नव्हते गेले."

"नव्हते गेले," अस्मिता म्हणाली. जाता जाता ती वळली. "त्याच गोदामाचे आणखी अकरा शॉट आलेत. तुम्हाला आणि पृथ्वीराजला दिलेत. दोघांनी शेजारी बसून करा, मी जागा बदलून घेते."

"अकरा?"

"मोठे आहेत. एकेक दहा-बारा सेकंदांचा."

म्हणजे चार सेकंदांचं हे फळ. शरदरावांनी मनात हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला. पृथ्वीराज खुर्ची ढकलत, केबल काखोटीला मारून आलाच. पहिला शॉट उघडला. यंत्राने चौकट पुढे केली. शरदरावांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्यातला शब्दन् शब्द वाचला, पृथ्वीराजला मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच "हो" दाबलं. भिंतीवर चौकोन ठेवला आणि मोजणी सुरू केली. रेघ वर गेली, खाली आली, थरथरली, आणि साठाव्या चित्रापाशी एकदम तळाला जाऊन बसली.

"हे काय?" 

पृथ्वीराजने चित्र मागेपुढे केलं. गोदामाच्या दारातून डोक्यावर पोतं घेतलेला एक माणूस, शूटिंग चाललंय याची काडीची फिकीर न करता, बल्ब आणि भिंतीच्या मधून रमतगमत चालला होता. त्याची सावली बरोबर चौकोनावरून जात होती.

"हा कोण आता कडमडला मधेच?" शरदराव म्हणाले. "अरे, जरा लवकर पाय उचल की बाबा!"

"लवकर नाही जायचा, काका," पृथ्वीराज म्हणाला. "पन्नास किलोचं पोतं हाय."